'व्हील' आणि 'चाक' एकाच घरचे? (सायकलच्या दुकानातून निघालेला धागा)

आडवातिडवा (धागाकर्ता)

शनिवारी पुढच्या चाकाला आऊट आला म्हणून सायकल कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. दुकानदाराने ती उलटी टाकली, चाक फिरवलं आणि रिंगेपाशी खडूचा तुकडा धरून बसला. रिंग जिथे बाहेर येते तिथे खडू घासतो. मग त्या बाजूच्या तारा सैल करायच्या, पलीकडच्या आवळायच्या, परत फिरवायचं. हे काम बघत बसायला मला लहानपणापासून आवडतं. दहाएक मिनिटांनी मान वर न करता तो म्हणाला, "व्हील वाकलंय साहेब. आऊट काढतो, पण चाक नवीन टाका."

म्हटलं, व्हील आणि चाक यात फरक काय?

"व्हील म्हणजे रिंग, तारा, हब, सगळं आलं त्यात." थोडा विचार करून म्हणाला, "आणि चाक म्हणजे... चाक."

घरी येऊन सहज शोधायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले. तर मंडळी, व्हील आणि चाक हा मुळात एकच शब्द आहे. अर्थ एक म्हणून नव्हे, शब्दच एक. एका पूर्वजाची दोन पोरं, चार-पाच हजार वर्षं वेगळ्या गावांना राहिलेली. चेहऱ्यात एक रेघ सारखी राहिलेली नाही, पण कागदपत्रं चोख आहेत.

मुळापासून सांगतो. आपल्या आणि युरोपातल्या बऱ्याचशा भाषांची जी पूर्वज भाषा मानतात (मूळ भारोपीय म्हणा), तिच्यात 'क्वेल' असा धातू होता. अर्थ: फिरणे, वळणे. चाकाला नाव देताना त्या लोकांनी तो दुप्पट केला: क्वे-क्वल-ओस. म्हणजे 'फिर-फिर' करणारं. आपण जत्रेतल्या कागदी खेळण्याला 'भिरभिरं' म्हणतो ना, अगदी तीच युक्ती. हा 'क्वेक्वलोस' कुठल्या शिलालेखात सापडलेला नाही, वंशजांची तोंडं बघून आजोबांचं चित्र काढावं तसा तो मांडलेला आहे.

त्याचं ग्रीकमध्ये झालं 'कुक्लोस'. संस्कृतात झालं 'चक्र'. आणि जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या, 'ह्वेओल'. तेच आजचं व्हील.

'क'चा 'ह्व' कसा झाला? इथे मला सगळ्यात जास्त मजा आली, कारण याचा पुरावा आपल्या रोजच्या तोंडात आहे. मराठीतले प्रश्न म्हणून बघा: काय, कोण, कुठे, केव्हा. आता इंग्रजी: व्हॉट, हू, व्हेअर, व्हेन. आपले सगळे 'क'ने सुरू, त्यांचे सगळे 'डब्ल्यू-एच'ने. जुन्या इंग्रजीत ही अक्षरं उलटी लिहायचे, आधी 'एच' मग 'डब्ल्यू', आणि उच्चारही तसाच 'ह्व' होता. नॉर्मन राज्यात लेखनिकांनी जोडी फिरवली. तर जिथे मुळात 'क्व' होता, तिथे इंग्रजीच्या घराण्यात 'ह्व' मिळतो. एकदोन शब्दांत नाही, ओळीने. व्हील त्याच रांगेत उभं आहे.

ग्रीक 'कुक्लोस'वरून इंग्रजीत आलेला शब्द म्हणजे 'सायकल'. म्हणजे मी 'सायकलचं चाक' म्हणतो आणि दुकानदार 'सायकलचं व्हील' म्हणतो तेव्हा आम्ही दोघंही एकच शब्द दोनदा म्हणतो.

जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर कान धरावा.

---

पोपटपंची

वाचनखूण साठवली. ऑफिसात कुणी 'काय' म्हणून खेकसलं की आता मी 'व्हॉट'चा चुलतभाऊ म्हणून स्वागत करणार.

---

गीर्वाण७

लेख चांगला आहे, पण गोल फिरून यायची गरज काय? सरळ सांगा की 'चक्र' मूळ आणि बाकी सगळे त्याचे अपभ्रंश. संस्कृत सर्व भाषांची जननी आहे. ही 'मूळ भारोपीय' भाषा कुणी पाहिली? कुणी ऐकली? जी भाषा प्रत्यक्ष आहे ती सोडून काल्पनिक भाषेला आई म्हणायचं, हा साहेबांचा उद्योग.

---

पोपटपंची

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

कोशकिडा

@गीर्वाण७, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर 'चक्र' याच शब्दात दडलेलं आहे. थोडं लांब लिहितो.

चक्रात दोन व्यंजनं आहेत, च आणि क. पण हा शब्द द्विरुक्तीने बनलाय, म्हणजे दोन्ही ठिकाणी एकच व्यंजन असायला हवं होतं. ग्रीकमध्ये तसंच आहे: कु-क्लोस, दोन्हीकडे क. मग संस्कृतात पहिला च आणि दुसरा क असा भेद कुठून आला?

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर 'कृ' धातूचं परोक्ष भूतकाळाचं रूप आठवा: चकार. तिथेही धातूचं पहिलं अक्षर दुप्पट केलंय, आणि तिथेही च आणि क! ('चकार शब्द काढला नाही' मधला चकार वेगळा, तो नुसता च.) कारण असं, की द्विरुक्तीच्या पहिल्या अक्षरात मुळात 'ए' स्वर होता: के-कार. 'ए' किंवा 'इ' पुढे आले की क मऊ होऊन च होतो. जगभर होतो. लॅटिनमध्ये ज्याला 'किकेरो' म्हणत त्याला इटालियन लोक आज 'चिचेरोने' म्हणतात. पुढे संस्कृतात तो ऱ्हस्व ए जाऊन अ झाला, पण जाता जाता च करून गेला. पाऊल दिसतं, माणूस गेलेला.

आता मुद्दा. ग्रीकमध्ये, लॅटिनमध्ये या ऱ्हस्व जागी ए अजून दिसतो. संस्कृत 'च' (म्हणजे 'आणि') हे लॅटिनमध्ये 'क्वे' आहे. 'क्वे'चा 'च' कसा झाला हे सांगता येतं, उलट्या दिशेने नियम लावता येत नाही. संस्कृतात जिथे नुसता अ आहे तिथे ग्रीकमध्ये कधी अ, कधी ए, कधी ओ. संस्कृत आई असती तर लेकीला तीन स्वर कुठून मिळाले, आणि नेमके तिथेच कसे, जिथे संस्कृतात क आणि च यांची वाटणी झालीय? म्हणून संस्कृत आई नव्हे. थोरली बहीण म्हणा, घरातले जुने दागिने सांभाळून ठेवलेली. तेवढा मान पुष्कळ झाला.

आणि हो, हे 'साहेबांनी' पहिल्यांदा मांडलं तेव्हाही संस्कृतला कमी लेखून मांडलं नव्हतं. विल्यम जोन्स 1786 साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलला तेव्हा त्याने संस्कृतची तोंड भरून स्तुती केली, आणि म्हणाला की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या तिघी एका समान उगमातून आल्या असाव्यात, जो उगम कदाचित आज उरलेला नाही. आपल्याकडे डॉ. रा. गो. भांडारकरांनी 1877 साली मुंबईत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर विल्सन व्याख्यानं दिली, त्यांनीही ही तुलनात्मक पद्धत मोकळेपणाने वापरली. भांडारकरांना कुणी संस्कृतद्वेष्टं म्हणणार असेल तर मी धाग्यातून उठतो.

---

गीर्वाण७

च-क चा मुद्दा आधी ऐकला नव्हता. विचार करतो. बाकी मतं राखून ठेवतो.

---

शंकासुर

मला एक साधी शंका. दोन भाषांत शब्द सारखे असणं हा योगायोग असू शकत नाही का? उदा. इंग्रजी 'बॅड' आणि आपलं 'बद' (बदनाम, बदमाश). इंग्रजी 'कट' आणि 'काटणे'. हे तर व्हील-चाकापेक्षा कितीतरी जवळचे वाटतात!

---

आडवातिडवा

@शंकासुर, मीही त्या रात्री आधी असेच आवाज जुळवत बसलो होतो आणि तोंडावर पडलो.

'बद' फारसीतून आपल्याकडे आला. इंग्रजी 'बॅड'शी त्याचं काहीही नातं नाही. उच्चार जवळपास एक, अर्थ एक, आणि तरी निव्वळ योगायोग. आणि व्हील-चाक, ज्यात एक ध्वनी सारखा नाही, ते सख्खे.

'कट'चं तर नियमानेच बिंग फुटतं. 'काटणे' ज्या 'कृत्' धातूकडे जातं त्यात जुना क आहे. इंग्रजीच्या घराण्यात जुना क तसाच राहत नाही, ह होतो. म्हणजे 'कट' आपला असता तर 'क'ने सुरू झालाच नसता. आवाज जुळला म्हणूनच संशय घ्यायचा!

---

कोशकिडा

वरच्याला +१. याकोब ग्रिमने (तोच, परीकथांवाला, दोन भावांतला थोरला) 1822 साली हे अदलाबदलीचं कोष्टक नीट मांडलं. आपल्या शब्दांवर लावून बघा, करमणूक आहे. प चा फ: पितृ-फादर, पाद-फूट. द चा त: दोन-टू, दहा-टेन, दात-टूथ. ग चा क: गो-काउ. एकट्या 'पाद-फूट'मध्ये प चा फ आणि द चा त, दोन्ही नियम एका शब्दात लागतात.

पण धागाकर्त्याने एक गोष्ट गाळली. 'ह्वेओल' हे एकच जुनं रूप नाही. जुन्या इंग्रजीत 'ह्वेओगोल' आणि 'ह्वेओवोल' अशीही रूपं लिहिलेली सापडतात. मधला ग आणि व कुठून आला? ग्रिमच्या कोष्टकाप्रमाणे दुसऱ्या क्व चाही ह्व व्हायला हवा. हा घोळ बरीच वर्षं लोकांना छळत होता, फक्त याच शब्दात नव्हे. पिता आणि भ्राता, दोन्हीत त. जर्मनमध्ये मात्र 'फाटर' आणि 'ब्रूडर', एकात ट, एकात ड. का?

उत्तर दिलं कार्ल व्हेर्नर नावाच्या डॅनिश माणसाने, 1870 च्या दशकात. आणि त्याला ते सापडलं वैदिक स्वरांत. ऋग्वेदात 'पिता'चा उदात्त (म्हणजे वरच्या स्वराचा आघात) शेवटच्या अक्षरावर आहे, 'भ्राता'चा पहिल्या. जिथे आघात आधीच्या अक्षरावर नसतो, तिथे तो घर्षणाचा ध्वनी (ह सारखा) घोष होतो, म्हणजे ग-द सारखा गळ्यातून घुमतो. बस, एवढंच. अपवादांचा डोंगर एका झटक्यात सपाट.

'चक्र'चा वैदिक उदात्त कुठे आहे? शेवटच्या अक्षरावर. म्हणून दुसऱ्या ह्व चा ग आणि व. इंग्लंडातल्या कुठल्याशा मठात हस्तलिखितात 'ह्वेओगोल' लिहिणाऱ्या भिक्षूला ठाऊकही नसेल की त्याच्या त्या 'ग'चं कारण ऋग्वेद पाठ करणाऱ्या एखाद्या बटूच्या मानेच्या वर-खाली होण्यात जपलेलं आहे.

@गीर्वाण७, हा दागिना संस्कृतनेच सांभाळला. इतर कुणी इतका नीट नाही.

---

गीर्वाण७

दंडवत.

---

म्युनिकची_मावशी

आमच्याकडची भर. जर्मनमध्ये चाकाला व्हीलचा भाऊबंद चालत नाही, 'राड' म्हणतात. आणि राड म्हणजे लॅटिनचं 'रोटा' (चाक) आणि आपला 'रथ'! सायकलला इथे 'फारराड' म्हणतात, बोलताना नुसतं 'राड'. म्हणजे मी गेली अकरा वर्षं रोज सकाळी रथातून ऑफिसला जाते आहे आणि मला माहीत नव्हतं. पावसात भिजत, पण रथातून.

आमच्या स्वीडिश शेजारणीला विचारलं, ती चाकाला 'यूल' म्हणते. लिहिताना आधी 'एच' लिहितात, म्हणत नाहीत. तो व्हीलचाच भाऊ. त्या बिचाऱ्यांचा तर ह पण गळाला.

---

पोपटपंची

रोटा वरून रोटी? गोल असते म्हणून विचारतो.

---

म्युनिकची_मावशी

नाही रे बाबा. वरचा बद-बॅडचा प्रतिसाद परत वाच.

---

बाराबलुतं

चांगला धागा. मी भाषेतला नाही, पण चाकातला आहे. आमचे आजोबा सुतार, गाडीची चाकं बनवायचे. लहानपणी बघितलेलं लिहितो, उपयोग झाला तर घ्या.

बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध जो लाकडाचा गड्डा असतो तो तुंबा. त्यात चारी बाजूंनी ठोकलेले ते आरे. आऱ्यांच्या टोकांवर लाकडी कडं, तुकडे जोडून केलेलं. आणि सगळ्यावर लोखंडाची धाव. धाव बसवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना सण. लोहार धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतो. मग गोवऱ्यांचा गोल जाळ करून ती लाल होईपर्यंत तापवायची. तापली की ती फुगते, चिमट्यांनी तिघा-चौघांनी उचलून चाकावर बसवायची, लाकूड धुरायला लागतं, लगेच घागरीच्या घागरी पाणी. वाफेत काही दिसत नाही, नुसता कडकड आवाज येतो. लोखंड आवळतं आणि सगळे सांधे एकदम बसतात. नंतर आजोबा चाकावर बोटाने टिचकी मारून कानाने बघायचे. खण्ण वाजलं तर पास.

दोन्ही चाकांच्या मधून जातो तो आस, त्याच्या टोकाला खीळ, चाक निसटू नये म्हणून. पुढे बैलांच्या मानेवर जू.

आता प्रश्न. यातले कुठले शब्द तुमच्या त्या जुन्या भाषेत जातात?

---

कोशकिडा

@बाराबलुतं, तुम्ही म्हणता भाषेतला नाही आणि एका प्रतिसादात खजिना ओतलात!

जू: संस्कृत युग, लॅटिन 'युगुम', इंग्रजी 'योक'. थेट एक शब्द.

आस: संस्कृत अक्ष, लॅटिन 'अॅक्सिस', इंग्रजी 'अॅक्सल'. अक्षाचा आस होणं ही खास मराठी चाल: क्षेत्राचं शेत, कुक्षीची कूस, मक्षिकेची माशी. हिंदीवाले खेत आणि मक्खी करून बसले, आपण स-श कडे गेलो. गॅरेजमध्ये 'एक्सल तुटला' म्हणतात तेव्हा आसच तुटलेला असतो.

तुंबा हा शब्द वेगळा, पण संस्कृतात त्या गड्ड्याला 'नाभि' म्हणत. जर्मन 'नाबे', इंग्रजी 'नेव्ह'. शरीराच्या बेंबीला इंग्रजीत 'नेव्हल', तीही तिथलीच.

आरे हे संस्कृत 'अर'. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164 व्या सूक्तात वर्षाला बारा आऱ्यांचं चक्र म्हटलंय, 'द्वादशार'. त्याच सूक्तात रथ, चक्र, नाभि, अर हे सगळे शब्द आहेत.

म्हणजे नुसतं चाक नव्हे, जू-आस-नाभी असा अख्खा गाडा या भाषांमध्ये सामायिक आहे.

---

शंकासुर

पण मग उसना घेतलेला असेल की! एकाने चाक शोधलं, शेजाऱ्याने वस्तू घेतली आणि वस्तूबरोबर शब्दही. आपण नाही का 'मोबाईल' घेतला?

---

कोशकिडा

उसना शब्द ओळखू येतो, कारण तो उशिरा येतो आणि घरातल्या जुन्या बदलांतून गेलेला नसतो. आपली 'सायकल' बघा: तिला कुठे च झालाय? 'चाक' मात्र सगळ्या गिरण्यांतून दळून निघालंय. क चा च, मग प्राकृतात चक्र-चक्क, मग मराठीत जोडाक्षर मोडून आधीचा स्वर लांबला: चाक. सप्त-सत्त-सात, हस्त-हत्थ-हात, अगदी त्याच रुळावरून. इंग्रजीतला शब्द तिकडच्या सगळ्या गिरण्यांतून गेलाय. म्हणजे बदल सुरू व्हायच्या आधीपासून तो दोन्ही घरांत होता.

आता यातून एक तारीखही हाताला लागते. चाकाला शब्द हवा तर आधी चाक हवं. पोलंडमध्ये ब्रोनोचित्से इथे एक भांडं सापडलंय, त्यावर चारचाकी गाडीसारखं चित्र कोरलेलं आहे, काळ साधारण इ.स.पू. 3500 च्या पुढेमागे. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत 2002 साली खरोखरीचं लाकडी चाक मिळालं, आसासकट, सुमारे 5,000 वर्षांहून जुनं. व्यास 70 सेंटीमीटरच्या आसपास, चाक अॅश झाडाचं, आस ओकचा. तेव्हा ही मूळ भाषा बोलणारी मंडळी 'क्वेक्वलोस' म्हणत एकत्र, निदान एकमेकांना कळेल असं बोलत होती, ते या सुमारानंतर.

एक खडा मात्र आहे दाताखाली. हित्ती ही प्राचीन भाषा, आजच्या तुर्कस्तानातली, याच कुटुंबातली. तिच्यात चाकाला 'हुर्की' म्हणत, क्वेक्वलोसचा पत्ता नाही. ती शाखा चाक येण्याआधीच घराबाहेर पडली असावी असं पुष्कळ अभ्यासकांचं म्हणणं आहे.

---

गीर्वाण७

मग हे लोक बाहेरून आले, हेच म्हणायचंय ना शेवटी?

---

संपादक मंडळ

कृपया धागा शब्दांवरच ठेवावा. कोण कुठून आलं यावर या संकेतस्थळावर आधीच चार शतकी धागे आहेत आणि चौघांचाही शेवट कुलूप लावण्यात झाला आहे.

---

बाराबलुतं

ते 70 सेंटीमीटरचं चाक भरीव फळ्यांचं असणार. आरे बसवणं ही फार पुढची अक्कल आहे. आमच्या जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला 1974 मध्ये तांब्या-ब्राँझची गाडी सापडली, दोन बैल जुंपलेले, मागे उभा हाकणारा. फोटो बघा, चाकं भरीवच आहेत. लांबी जेमतेम दीड फूट, पण बैलांची ठेवण इतकी अस्सल की आजोबांना फोटो दाखवला तेव्हा त्यांनी आधी जू कसं बांधलंय ते बघितलं, मग म्हणाले, "वजन मागं जास्त झालंय."

---

सौ_अक्षरशत्रू

आत्ता वाचला धागा. कुणाच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही: 'चक्र' म्हणा आणि 'चाक' म्हणा. च वेगळा आहे! चक्रातला च चंद्रातला, चाकातला च चोरातला. म्हणजे क चा च झाला तिथे गाडी थांबली नाही, मराठीत येऊन तो आणखी पुढे, दातांकडे सरकला. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला 'चक्र' जुन्या च वर थांबला. मी प्राथमिकच्या मुलांना शिकवते, त्यांना हे दोन च सांगताना दरवर्षी घाम फुटतो. यापुढे निदान कारण तरी सांगता येईल.

---

आडवातिडवा

@सौ_अक्षरशत्रू, वा! हे माझ्या तोंडात चाळीस वर्षं आहे आणि कानाला कधी कळलं नाही.

---

शंकासुर

चरखा पण यातलाच का? आणि चाकर?

---

कोशकिडा

चरखा होय, पण लांबच्या वाटेने. अवेस्तात (पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात) चक्राला 'चख्र', त्यातल्या ख आणि र ने फारसीत जागा बदलल्या: 'चर्ख'. आपल्याकडे 'नुकसान'चं 'नुसकान' होतं तसं. तिथून चरखा, चरखी, आणि उसाचा रस काढतात तो चरकही. तेव्हा रसवंतीगृहातला चरक हा चाकाचा इराणला जाऊन आलेला भाऊ.

चाकर फारसीतून आलेला वेगळा शब्द, चाकाशी संबंध नाही, कितीही गोल गोल फिरत असला तरी.

मूळ धातू 'क्वेल'ची बाकीची संततीही मोठी आहे. संस्कृत 'चर्', म्हणजे आपलं चरणं. लॅटिनमध्ये त्याचं 'कोलेरे' झालं: जमिनीवर वावरणं, ती कसणं, राहणं. त्यातून इंग्रजीत 'कॉलनी' आणि 'कल्चर'. ग्रीकमध्ये 'पोलोस', ज्याच्याभोवती आकाश फिरतं तो बिंदू, त्यातून उत्तर-दक्षिण 'पोल'.

---

पोपटपंची

म्हणजे आमच्या कॉलनीत गाय चरते हे शास्त्रशुद्ध आहे. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मांडतो.

---

म्युनिकची_मावशी

आणि सेक्रेटरी म्हणतील यात कल्चर कुठे आहे?

---

गीर्वाण७

एक कबुली. काल संध्याकाळी वडिलांना (वेदमूर्ती नाहीत, पण रुद्र-पवमान पाठ आहे) 'चक्र'चा उदात्त कुठे ते विचारलं. त्यांनी न थांबता तोंडाने म्हणून दाखवलं, शेवटच्या अक्षरावर. मग विचारलं, का रे? मी त्यांना इंग्रजी व्हीलची गोष्ट सांगितली. दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे आम्ही पाठ केलं ते त्यांच्याही कामाला आलं."

जननीचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. पण च-क वर उत्तर सापडलेलं नाही, हेही खरं.

---

कोशकिडा

@गीर्वाण७, बाबांना नमस्कार सांगा.

---

आडवातिडवा

आज सायकल आणली. बिल मागितलं तर त्याने वहीतलं पान फाडून दिलं. जसंच्या तसं उतरवतो:

सायकल पु. चाक व्हील आऊट – 80/-

एकाच ओळीत एकच शब्द तीनदा! मी त्याला हे सांगायला गेलो तर म्हणाला, "तीन वेळा लिहिलं तरी पैसे एकदाच घेतलेत साहेब."

---

बाराबलुतं

आऊट गेला का पण?

---

आडवातिडवा

थोडं लंगडतंय अजून.

---

बाराबलुतं

तारेवर टिचकी मारून बघा. जी बद्द वाजेल ती ढिली.